शेवटी बसणारी रेस्ती

रेस्ती युलिंद्रा सुरावात नेहमी रांगेच्या शेवटी बसायची, आणि कुराण शिकवणाऱ्या बाईंना, इबू गुस्निमारना, त्याचंच मोठं कौतुक होतं.

संध्याकाळची नमाज झाली की तळ्याकाठच्या त्या लाकडी सुरावात, छोट्याशा प्रार्थनाघरात, गावातली पोरं कुराण शिकायला गोळा होत. इबू आधी स्वतः एक पान वाचून दाखवत, पोरं त्यांच्यामागून एका सुरात म्हणत, आणि मग एकेकाने पुढे येऊन तेच पान वाचायचं. पहिला नंबर लावायला काय ती झुंबड! ज्याचं वाचून झालं तो मोकळा, बाहेर केळी तळणाऱ्या बाईकडे पळायला. रेस्ती मात्र सगळ्यांना वाट करून द्यायची. "तू जा आधी, तुला धाकट्याला घरी न्यायचंय." "तू जा गं, तुझी आई ओरडते." अकरा वर्षांची पोर, आणि केवढी समज! इबू घरोघरी तिचं उदाहरण देत.

आणि आवाज? त्याबद्दल तर बोलायलाच नको. सगळ्यांचं होऊन रेस्ती वाचायला बसली की केळीवाली बाईसुद्धा झारा बाजूला ठेवून दारात येऊन उभी राहायची.

इबू गुस्निमार गावच्या प्राथमिक शाळेत धर्मशिक्षण शिकवत आणि संध्याकाळी सुरावात कुराण. निवृत्ती तोंडावर आली होती. खतमच्या सोहळ्यात मुख्य परीक्षक म्हणून त्यांची खुर्ची इतक्या वर्षांची, की ती मशिदीच्या सामानातच धरली जायची. कुराण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालेल्या पोरांची त्या दिवशी गावातून मिरवणूक निघते, बायका डोक्यावर जेवणाची ताटं घेऊन चालतात, आणि मग मशिदीत पोरं एकेक करून परीक्षकांपुढे वाचतात. काय वाचतात? कुराणातले शेवटचे छोटे सूरे, म्हणजे अध्याय. सगळ्यांचे आजे तेच वाचत आले, बाप तेच वाचत आले.

त्या वर्षी शाळेत इबूंना काय सुचलं कोण जाणे. पाचवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर कुराणातली मधलीच एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "वाचा." त्यातली बरीचशी पोरं गेल्याच वर्षी खतम झालेली, हार घालून मिरवलेली. निम्म्यांनी माना खाली घातल्या. यंदा खतमला बसणारी दिल्फा नावाची एक आगाऊ पोरगी उठून म्हणाली, "इबू, ही शिकवलेली नाही."

"शिकवायची कशाला? अक्षरं येतात ना तुला?"

"येतात, पण ती ओळखीच्या ठिकाणी असली तर."

वर्ग खो खो हसला. इबूही हसल्या, पण घरी जाताना त्या दिल्फाचं ते वाक्य घोकत राहिल्या. प्रगतिपुस्तकात या सगळ्यांपुढे 'उत्तम' लिहिलेलं होतं, आणि लिहिणारा हात त्यांचाच होता.

त्याच आठवड्यात मशीद समितीच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. यंदा खतमला चिठ्ठ्या काढायच्या. ज्याच्या हाती जे पान येईल ते त्याने वाचायचं, आणि मागून कुणी सांगायचं नाही.

समितीचे प्रमुख इन्यिक जालियुस. वयाने सगळ्यांचे आजोबा, म्हणून सगळेच त्यांना इन्यिक म्हणत. अंडं फेटून केलेला चहा ढवळता ढवळता ते म्हणाले, "गुस, सुखाचा जीव का दुःखात घालतेस? लोक आनंदाला येतात."

"वाचता येतं की नाही ते तर कळायला हवं ना, इन्यिक? नाहीतर परीक्षा कसली घेतो आपण? पाठांतराची?"

"पाठ असणं काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण आपण त्यांना सांगतो, तुम्हाला वाचता येतं. हे खोटं आहे."

मशिदीत बसून खोटं हा शब्द ऐकल्यावर इन्यिकांनी चहा बाजूला ठेवला आणि मान डोलावली. चिठ्ठ्या ठरल्या.

दुसऱ्याच दिवसापासून सुरावात तालीम सुरू झाली. बिस्किटांचा लाल पत्र्याचा डबा, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. पहिल्या दिवशी रेस्तीचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी पोटात दुखलं. तिसऱ्या दिवशी खुद्द इन्यिक जालियुस ऐकायला येऊन बसले, तेव्हा सुटका नव्हती. रेस्तीने चिठ्ठी काढली, पान उघडलं, बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

काय तो आवाज! इन्यिकांनी डोळे मिटले. इबूंनी चष्मा काढून ओढणीने पुसला, परत चढवला, आणि सहज त्यांची नजर पोरीच्या पानावर गेली.

बोट तिसऱ्या ओळीवर होतं. तोंडातून येत होता तो भाग त्या पानावर नव्हताच. गेल्या रमजानमध्ये घोटून घेतलेला, भलत्याच सूऱ्यातला होता तो. बोट मात्र शांतपणे उजवीकडून डावीकडे जात होतं, ओळ संपली की खाली उतरत होतं. बोट आपलं चाललंय, तोंड आपलं चाललंय, दोघांची एकमेकांशी ओळखदेखही नाही.

"माशाल्लाह," इन्यिक डोळे पुसत म्हणाले. "या पोरीला कसली परीक्षा लावतेस, गुस? हिनेच आपली घ्यावी."

इबूंनी डब्याला झाकण लावलं. पोरं पांगली तेव्हा त्यांनी रेस्तीला थांबवून घेतलं आणि दोघी सुरावाच्या पायरीवर बसल्या. समोर तळ्यात मासेमारीच्या होड्यांचे दिवे लागत होते. इबूंनी कुराण उघडून एका अक्षराखाली काडी धरली.

"हे कुठलं?"

रेस्तीने नकारार्थी मान हलवली.

"बरं, हे?"

"हे चेहऱ्याने ओळखते," ती हळूच म्हणाली. "नाव माहीत नाही."

"कधीपासून गं?"

"पहिल्यापासून, इबू. अब्बा गेल्यावर आम्ही पकनबारूहून इथे आलो ना, तेव्हा सगळी पुढे गेली होती. मला लहान्यांच्या रांगेत बसायची लाज वाटली. तुम्ही एक पान म्हणून दाखवलंत, मी तसंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, हिला मोठ्यांत बसवा."

इबूंना ते आठवलं. अगदी शब्दाला शब्द आठवलं.

"म्हणून शेवटी बसतेस?"

"सगळ्यांचं ऐकून होतं तोवर पाठ होतं," रेस्ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "आईला नका ना सांगू. मामाकने मिरवणुकीला घोडा सांगितलाय. तो जकार्ताहून दुकान बंद करून येणार आहे. आईने सगळ्या बाजाराला सांगितलंय. मला भलतीच चिठ्ठी आली तर मी काय करू?"

मामाक म्हणजे आईचा भाऊ. आमच्याकडे बाप असो नसो, भाचरांची अब्रू मामाकच्या खांद्यावर. इबूंनी पोरीला जवळ घेतलं. राग आला होता, तो पोरीचा नव्हे. इतक्या संध्याकाळी ही पोर आपल्यासमोर भीतीने मागे मागे सरकत होती, आणि आपण त्याला चांगलं वळण म्हणत गावभर मिरवलं! स्वतःच्याच श्रीमुखात द्यावीशी वाटली त्यांना.

"उद्यापासून पहाटेची नमाज झाली की माझ्या स्वयंपाकघरात यायचं," त्या म्हणाल्या. "आईला सांग, इबूंनी आवाजाच्या तयारीला बोलावलंय."

"हे खोटं नाही का, इबू?"

"आहे. त्याचं मी बघेन."

सोहळ्याला महिनाभरही नव्हता. रेस्ती रोज पहाटे यायची. चुलीवर चिकट भात शिजत असायचा. इबू काळ्या पाटीवर खडूने एक उथळ होडी काढत आणि वाटीतले तांदूळ पुढे करत. "होडी एकच. खाली एक दाणा ठेवला तर बा. वर दोन ठेवले तर ता. वर तीन, तर सा. आता तू ठेव." रेस्ती दाणे ठेवायची, चुकायची, फुंकर मारून परत ठेवायची. आठवड्यात ती अक्षरं नावाने ओळखू लागली. मग जोडायला लागली. पण एक गंमत झाली, आणि ती गंमत नव्हतीच. वाचायला लागली की तिचा आवाज जायचा. ठेचकाळत, अडखळत, कोरडा ठाक. गाणं कुठल्या कुठे.

"इबू, हे ऐकायला घाण वाटतं."

"वाटू दे."

"लोक हसतील."

"हसतील," इबू म्हणाल्या. खोटा धीर द्यायला त्यांना जमलं नाही. त्यांनी तिच्या पुढ्यात भात आणि तळलेलं केळं ठेवलं, आणि पोरीने ते मुकाट्याने खाल्लं.

रेस्तीचा मामाक झुलहेरमान सोहळ्याच्या चार दिवस आधी आला. जकार्तातल्या तानाह आबांगच्या बाजारात त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. अंगाने सुटलेला, बोटात मोठ्या खड्याची अंगठी. चिठ्ठ्यांचं कानावर गेल्यावर त्याच दुपारी तो केकचा खोका घेऊन इबूंच्या दारात हजर झाला. एके काळचा त्यांचाच विद्यार्थी. इबूंनी परीक्षक म्हणून जे पहिलं खतम पाहिलं, त्यात पहिला आलेला. त्याचा करंडक अजून त्याच्या बहिणीच्या, येंतीच्या घरात काचेच्या कपाटात दिमाखात उभा होता.

"ये झुल, बस. जाड झालास रे."

"बायकोचा हात चांगला आहे, इबू." तो बसला, आणि लगेच मुद्द्यावर आला. "हे चिठ्ठ्यांचं खूळ कुणाचं?"

"माझं."

"सोडा ना. यंदा तेवढं सोडा. रेस्तीला शेवटचे सूरे म्हणू द्या, बघा सगळी मशीद रडते की नाही. लोक ऐकायला येतात हो, तपासायला नाही."

"वाचता येणाऱ्याला चिठ्ठीची कसली भीती?"

झुलहेरमानचा चेहरा एकदम लाल झाला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं वाचलं ते वाचन नव्हतं? मग माझा करंडकही परत घ्या की!"

"तुझा कशाला? तू तर काय सुंदर वाचायचास!"

यावर त्याने मान दुसरीकडे वळवली. कप हातात घेतला, परत बशीत ठेवला. चहा अर्धा टाकून उठला आणि चपला घालता घालता म्हणाला, "पोरीची लाज जाईल, इबू. लाज गेली की ती जन्मभर चिकटते. तुम्हाला नाही कळणार."

तो गेल्यावर इबू चिठ्ठ्या लिहायला बसल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचा पाय घसरलाच होता. एका चिठ्ठीवर त्यांनी रेस्तीला तोंडपाठ असलेलं पान लिहिलं आणि तिचा कोपरा मुडपला. पोरीच्या कानात एवढंच सांगायचं होतं, मुडपलेली उचल. कोणाला कळणार होतं? इन्यिकांना कळलं असतं तर त्यांनी उलट पाठ थोपटली असती. इबूंनी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मग त्यांना पहाटेचे ते तांदळाचे दाणे आठवले, फुंकर मारून परत परत ठेवलेले. चिठ्ठी फाडून त्यांनी चुलीत टाकली आणि चिडून स्वतःशीच म्हणाल्या, "म्हातारपणी अक्कल गहाण टाकतेस काय, गुस्निमार?"

सोहळ्याच्या सकाळी सगळा गाव रस्त्यावर. पुढे ढोलवाले, मागे हार घातलेली पोरं, त्यामागे डोक्यावर ताटं घेतलेल्या बायका. रेस्ती पांढऱ्या झग्यात, घोड्यावर. लगाम झुलहेरमानने स्वतः धरला होता, घामाने निथळत, पण हातातून सोडायला तयार नाही. येंती बाजारात रोज सकाळी नाश्ता विकणारी बाई, आज काळ्या-सोनेरी ओढणीत ओळखू येत नव्हती. ओळखीच्या बायका तिला म्हणत होत्या, "पहिला नंबर तुमच्याच घरी गं!" आणि ती लाजून नाही-नाही म्हणत होती.

मशिदीत इबू आपल्या खुर्चीवर बसल्या. शेजारी इन्यिक. समोर लाल डबा आणि कर्णा लावलेला माइक. त्या कर्ण्यातून आवाज तळ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जायचा. पोरं रांगेत बसली. रेस्ती कुठे असेल ते इबूंना ठाऊकच होतं. त्यांनी सवयीने रांगेच्या टोकाकडे नजर टाकली, तर तिथे दिल्फा.

"पहिलं कोण येतंय?" इन्यिकांनी विचारलं. एरवीची झुंबड त्या दिवशी नव्हती. चिठ्ठीच्या भीतीने सगळ्यांची दातखीळ बसलेली.

"मी वाचते," रेस्ती म्हणाली.

इबूंनी चष्मा सावरला. रेस्ती उठली, डब्यात हात घालून हाताला आली ती चिठ्ठी काढली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. मशीद खुशीत सावरून बसली. केळीवाली बाईसुद्धा दारात येऊन उभी होती.

पहिलं अक्षर. थांबली. दुसरं. जोडलं. कर्ण्यातून तो कोरडा, तुटका आवाज तळ्यावर गेला. तान नाही, सूर नाही, पहिलीतलं पोर वाचेल तसं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "घाबरली वाटतं," एक बाई म्हणाली. येंतीने ओढणी तोंडावर घेतली. पाहुण्यांच्या रांगेत झुलहेरमान उठून उभा राहिला होता.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ती अडकली. साफ अडकली. माइकमध्ये तिचा श्वास ऐकू यायला लागला. मागून कुणी सांगायचं नाही, हा नियम इबूंचाच. त्यांच्या ओठांवर तो शब्द आला होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पेन इतक्या जोरात धरलं की बोटं दुखायला लागली. सांग ना गं, सांगून टाक, असं त्यांचं मन आक्रोश करत होतं, आणि त्या गप्प बसल्या होत्या.

रेस्तीने बोट मागे नेलं. ओळीच्या सुरुवातीला. पुन्हा एकेक अक्षर उचललं, आणि अडलेल्या ठिकाणी ओठ हलले, नुसतेच. मग तिने तो शब्द वाचला. बरोबर वाचला. आणि पुढे गेली.

पान पुरं होऊ शकलं नाही. वेळेची घंटा झाली तेव्हा जेमतेम तीन ओळी झाल्या होत्या. पण त्या तीन ओळींत जे बोटाखाली होतं तेच तोंडात होतं. इबूंनी आवाजाला कमी गुण दिले, गतीला त्याहून कमी. वाचनापुढे मात्र त्यांनी लिहिलं, अचूक. पेन खाली ठेवलं तेव्हा चष्म्याच्या काचा ओल्या होत्या.

"काय झालं गं या पोरीला?" इन्यिक कुजबुजले.

"वाचायला लागली, इन्यिक," इबू म्हणाल्या.

पहिला नंबर दुसऱ्याच कुणाचा आला. दिल्फा चिठ्ठीतलं पान बघून रडायला लागली, तिच्यासारखी आणखीही बरीच, आणि पुढच्या वर्षी शाळेत काय काय करावं लागेल ते इबूंच्या डोळ्यापुढे उभं राहिलं. रेस्ती उत्तीर्ण झाली, एवढंच. जेवणाच्या पंक्तीत झुलहेरमान दिसला नाही. येंतीने रेंदांगची, मसालेदार मांसाची वाटी इबूंपुढे सरकवली, पण वर बघितलं नाही. ते इबूंना लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे इबूंनी सवयीने भात चढवला, आणि मग त्यांना आठवलं की आता कोणी येणार नाही. तेवढ्यात दार वाजलं. रेस्ती उभी होती. तिच्यामागे, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेला झुलहेरमान. काखेत एक पिशवी.

"इबू, दार लावून घेऊ का?" त्याने विचारलं.

"घे ना. काय झालं रे?"

तो बसला नाही. पिशवीतून करंडक काढून त्याने टेबलावर ठेवला. "काल ती अडकली ना, तेव्हा मला वाटलं, आता उठून पळेल. मी तिच्या जागी पळालोच असतो." त्याने करंडक जरा पुढे सरकवला. "जकार्तात रमजानमध्ये मशिदीत सगळे गोल बसून पाळीपाळीने वाचतात. माझी पाळी जवळ आली की मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर जातो. इतकी वर्षं. दुकानातली पोरं म्हणतात, मालकांना भारी फोन येतात. मला एक ओळ येत नाही, इबू. तेव्हाही येत नव्हती. सगळं कानाने घेतलेलं."

इबू स्टूल ओढून बसल्या. हा करंडक त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता, आणि त्या दिवशी घरी जाऊन किती खूश होत्या त्या. "झुल," त्या म्हणाल्या. "चूक तुझी नाही रे बाळा. मी कधी विचारलंच नाही."

"मी म्हटलं, चला इबूंकडे," रेस्ती मध्येच म्हणाली. "रागवत नाहीत. तांदूळ देतात."

झुलहेरमान हसला, आणि हसता हसता त्याने तोंडावरून टोपी फिरवली. इबूंनी पाटी काढली, तांदळाची वाटी काढली. करंडक उचलून त्याच्या हातात दिला. "हा खाली ठेव. इथे जागा लागते."

तो बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे हनुवटीला टेकवून. इबूंनी पाटीवर तीन होड्या काढल्या, दाणे ठेवले.

"मामाक, मी आधी वाचू की तुम्ही?" रेस्तीने विचारलं.

"तू आधी," तो घाईने म्हणाला. "तू वाच, मी ऐकतो."

"अजिबात नाही," इबू म्हणाल्या. "आज आधी झुल वाचेल."

झुलहेरमानने एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग अंगठी काढून खिशात टाकली, आणि बोट पहिल्या होडीखाली ठेवलं.